मला सूचना नाहीत

"साहेब, त्या बाईचं नाव काय होतं?"

प्रश्न विचारून शुभा उभीच राहिली, दोन्ही हात मागे बांधून, वक्तृत्व स्पर्धेत राहते तशी. 'बाबा' म्हणायचं नाही, 'साहेब' म्हणायचं, ही पैजेतली अटच होती. तिच्या दोन्ही बाजूंना प्रेमा आणि मंजुळा खुर्चीत पार खाली सरकल्या होत्या आणि तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. पैज सकाळी मधल्या सुट्टीत लागली होती. बक्षीस समारंभात पाहुण्यांचं भाषण संपलं की मुख्याध्यापिकाबाई विचारतात, "कोणाला काही शंका?" दरवर्षी विचारतात, आणि दरवर्षी सगळी शाळा स्वतःच्या बुटांकडे बघत बसते. यंदा पाहुणे होते आमदार जयवंतराव खवणेकर, म्हणजे शुभाचे बाबा. "ते चहाची गोष्ट सांगणार, शंभर टक्के," मंजुळा म्हणाली होती. "तू उठायचंस आणि त्या बाईचं नाव विचारायचंस. बघू आठवतंय का. पुढाऱ्यांना नावं कुठली आठवायला, त्यांच्याकडे मतदारयाद्या असतात." "आणि आठवलं तर?" "तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलते, यार." शुभाला ह्यात भिण्यासारखं काही वाटलंच नाही. वर्षभरापूर्वी कोणी तिला वर्गात उभं केलं असतं तरी तीही बुटांकडेच बघत राहिली असती, पण आता नववीतली शुभा खवणेकर म्हणजे काय चीज होती, हे बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतच्या आठ शाळांना माहीत होतं.

चहाची गोष्ट बाबांनी आत्ताच संपवली होती आणि सभागृह अजून हसण्याने गरम होतं. गोष्ट अशी की बाबा तेव्हा खारवेलीच्या कोर्टात वकील होते. तालुक्याचं गाव, खाडीच्या काठचं. कोर्ट कौलारू, आणि समोर तुळशीदासचं चहाचं दुकान. एक मासे विकणारी बाई, तिचा दावा तिच्या खळ्याबद्दल, म्हणजे घरामागच्या मासळी सुकवायच्या अंगणाबद्दल. अकरा तारखा पडल्या, आणि अकराही तारखांना बाई उजाडायच्या आत चालत येऊन कोर्टाच्या पायरीवर बसली. बाराव्या तारखेला सुनावणी, आणि नेमकी तेव्हाच बाईला आली चहाची तल्लफ! ती गेली तुळशीदासकडे. इकडे पट्टेवाल्या दत्तारामने पुकारा केला. बाबा दत्तारामचा आवाज काढत, घशातून, मंदिरातल्या घंटेसारखा लांबवत. एकदा. दोनदा. तीनदा. आणि बाई तिकडे बशीत चहा ओतून फू फू करतेय! न्यायाधीश विचारतात, वकीलसाहेब, तुमची पक्षकार कुठे आहे? मग समोरचा वकील उठतो. इथे बाबा स्वतःचा चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने पुसत, मान खाली घालत आणि अगदी मेल्या आवाजात म्हणत, "मला सूचना नाहीत." आपलं माणूस हजर नसलं की वकील हे तीन शब्द बोलून हात झटकतो, मग दावा निकालात. "तर मुलांनो, पुकारा होईल तेव्हा हजर राहा. चहा काय, नंतरही मिळतो!" टाळ्या. शुभाने ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, की चष्मा नसतानाही तो काढून पुसायची नक्कल तिला बाबांहून झकास जमायची.

"नाव?" बाबा माईकजवळ झुकले. त्यांनी डोळे बारीक केले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे पोस्टरवर आहे. "अगं, आमची अंजनाबाई ती! अंजनाबाई लहू तांडेल, वय वर्षे बावन्न, धंदा मासेविक्री, राहणार खालची आळी, खारवेली!" एका दमात, कोर्टातल्या कागदासारखं घडाघडा. सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या, ह्या वेळी जास्त जोरात. मुख्याध्यापिकाबाईंनी मान डोलावली, म्हणजे काय स्मरणशक्ती. मंजुळा कुजबुजली, "मेले! दप्तर!" आणि प्रेमाने शुभाच्या स्कर्टला हिसका दिला. "बस ना गं आता, काय पुतळा झालीस?"

पण शुभा बसली नाही. तिला बसायचं कसं तेच आठवेना. टाळ्या वाजत होत्या आणि त्या टाळ्यांच्या मधोमध एक शब्द उभा होता, तिच्यासारखाच, एकटा. आमची. बाबा 'आमची' म्हणाले होते. इतरांना त्यात काय कळणार? इतरांना वाटलं असेल, लाडाने म्हणाले, आपुलकीने म्हणाले, गावची बाई म्हणून म्हणाले. पण शुभा वकिलाच्या घरात वाढली होती, आणि वकिलाच्या घरात 'आमचा' हा शब्द आपुलकीचा नसतो. खारवेलीच्या घराची ओटी म्हणजेच बाबांचं ऑफिस होतं. ती पाच वर्षांची होईपर्यंत त्या ओटीवरच्या टेबलाखाली खेळली, टाइपरायटरचा खडखडाट डोक्यावर झेलत, आणि 'आई', 'दूध' ह्या शब्दांच्या पाठोपाठ ती जे दोन शब्द शिकली ते होते 'आमचा' आणि 'समोरचा'. ज्याचं वकीलपत्र आपल्याकडे तो आमचा. ज्याचं दुसऱ्याकडे तो समोरचा. बस्स, जगात तिसरी जात नाही. ज्याने त्यांच्याच परसातले नारळ चोरले होते, तो पुढे हद्दीच्या भांडणात बाबांकडे आला आणि त्या दिवसापासून आई त्याला 'आमचा' म्हणून पाणी द्यायला लागली. उलट आत्याच्या यजमानांनी दुसऱ्या वकिलाला धरलं, तर ते इतके समोरचे झाले की भाऊबीजेच्या ओवाळणीच्या वेळीसुद्धा बाबा आत्याला म्हणाले, "समोरचे नाही आले?" शुभा तर बाहुल्यासुद्धा अशाच वाटून घ्यायची, चार आमच्या, तीन समोरच्या. बाबांचा कारकून एकदा ह्या दोन शब्दांत चुकला, तेव्हा बाबांनी फाइल अंगणात भिरकावली होती. बाबांच्या तोंडून हे शब्द आदलाबदल होणं शक्यच नव्हतं. गोष्टीत ती बाई कायम 'एक बाई' असायची, आणि वकील 'समोरचा'. नाव कोणी कधी विचारलंच नव्हतं. नाव विचारलं, आणि नावाच्या मागोमाग, शेपटीसारखा, तिचा खरा शब्द बाहेर आला.

म्हणजे ती बाई आमची होती. म्हणजे न्यायाधीशांनी "वकीलसाहेब, तुमची पक्षकार कुठे आहे" असं ज्याला विचारलं, तो... शुभाने स्टेजकडे बघितलं. बाबांनी चष्मा डोळ्यांवर परत ठेवला होता आणि तो नीट बसवत होते. ही नक्कल नव्हतीच. इतकी वर्षं ते दुसऱ्या कोणाची नक्कल करतच नव्हते. त्यांनी तेव्हा जे केलं तेच ते करून दाखवत होते, त्याच हातांनी, बहुतेक त्याच चष्म्याने, आणि लोक हसत होते. कोणी तरी तिचं नाव पुकारलं. बक्षिसांची वेळ झाली होती. वक्तृत्व, आंतरशालेय, प्रथम क्रमांक, कुमारी शुभा जयवंत खवणेकर. पाय आपोआप चालले. बाबांनी तिच्या हातात कप दिला आणि फोटोवाल्यासाठी तो दोघांच्या मध्ये धरून ठेवला, आणि ओठ न हलवता म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास विचारलंस. अशीच धीट राहा." त्यांचा हात गरम आणि कोरडा होता, नेहमीसारखाच. तिला वाटलं होतं, तो हात काही तरी वेगळा लागेल. तो तसाच लागला, हेच जास्त भयंकर होतं.

आणि तो कप! स्पर्धेचा विषय होता 'वेळेचे महत्त्व'. सगळ्या शाळांची मुलं घड्याळ, सूर्योदय आणि नेपोलियन घेऊन आली होती. शुभा चहाची गोष्ट घेऊन गेली होती. अंधेरीच्या त्या मोठ्या हॉलमध्ये तिने कंबरेवर हात ठेवून ती बाई केली, फू फू करून बशी केली, बाईची फेंगडी चाल केली, पुकारा केला, चष्मा पुसला. परीक्षकसुद्धा पोट धरून हसले. त्या दिवशी स्टेजवरून खाली उतरताना तिला पहिल्यांदा कळलं होतं की आपल्याला आवाज आहे. तोपर्यंत ती आमदारांची मुलगी होती, गावाकडून आलेली, 'मी येतंय' म्हणणारी, जिला वर्गात चिडवायचे. त्या दिवसापासून ती शुभा झाली. आता स्टेजवर कप धरून उभं असताना तिला कळत होतं की तो आवाज तिला कोणाच्या जिवावर मिळाला. आठ शाळा हसल्या होत्या. आठ शाळा गुणिले चारशे. ती गणितात कच्ची होती, पण हे गणित तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा होत राहिलं आणि दर वेळी उत्तर वाढत गेलं.

समारंभ संपला. बाबांना पुढे दिंडोशीला सत्काराला जायचं होतं. गाडीत बसता बसता त्यांनी चार जणांशी हात मिळवले, दोघांच्या खांद्यावर थोपटलं, एकाच्या कानात काही सांगितलं. सगळीकडे एकच बोलणं होतं, की पुढच्या महिन्यात विस्तार आहे आणि खवणेकरसाहेब राज्यमंत्री झाल्यातच जमा. शुभा आणि आई बाभईच्या बाजारातून चालत घरी निघाल्या. आई खूश होती. तिची नवी साडी करकरत होती. "सगळे विचारत होते, मुलगी कोणावर गेलीय," आई म्हणाली. बाजाराच्या टोकाला कोळणी बसल्या होत्या, गोराईच्या, मनोरीच्या, पुढ्यात पाट्या, पाट्यांत बोंबील आणि मांदेली, आणि त्या ओल्या खारट वासाने शुभाचे पाय थांबले. एरवी ती इथून नाक दाबून पळायची. आज ती एकेकीचा चेहरा बघायला लागली. बावन्न होती तेव्हा, म्हणजे आता बासष्ट. ही बासष्टची असेल? ही? हिची चाल फेंगडी असेल? एकीने तिला न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं पोरी, माझ्या तोंडावर भाव लिवलाय? घेयाचा तर घे, नाय तर वाट मोकळी कर." बाकीच्या खो खो हसल्या. त्या हसण्यातून, कसं कोण जाणे, एक दुपार वर आली.

खारवेलीची ओटी. टेबलाखाली शुभा. तिला बाबांच्या चपला दिसताहेत आणि पायरीवर दोन पावलं, भेगाळलेली, वाळूने पांढरी. वर आवाज. बाईचा आवाज विचारतोय, "सायेब, माजा नाव घेतला काय? मी आत्ता आलूं. माजा नाव घेतला?" आणि मग बाबांचा आवाज, शांत, थोडा दुखावलेला, शाळेत बाई उशिरा येणाऱ्याला विचारतात तसा: "अंजनाबाई, तू कुठे होतीस?" पुढचं शुभाला नेहमीच आठवत होतं, फक्त ते कशाचं आहे हे माहीत नव्हतं. पायरीवरच्या बाईने स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारायला सुरुवात केली होती. फट, फट, फट. पाच वर्षांच्या शुभाला तो खेळ वाटला होता. ती टेबलाखालून बाहेर आली होती, बाईसमोर बसली होती आणि तिनेही स्वतःच्या गालांवर तसंच फट फट करून दाखवलं होतं, आणि ती हसली होती. आणि बाई? बाई रडता रडता तिच्याकडे बघून हसली होती. "वकिलाची चेडू," म्हणाली होती, म्हणजे वकिलाची पोर. शुभा इतकी वर्षं ही आठवण आपल्या लहानपणच्या गंमतींत ठेवून बसली होती, परसातल्या झोपाळ्याच्या शेजारी.

"आई," ती म्हणाली. वाण्याच्या दुकानापाशी, रिक्षांच्या पुऱ्या गोंगाटात. "अंजनाबाई आमची होती?"

आई चालत राहिली. दोन पावलं. तीन. मग तिने पदर नीट केला, जो नीटच होता. "कोण अंजनाबाई?"

"आई, मी पण तिथेच वाढलेय. मला शिकवू नकोस."

"रस्त्यात नको, शुभे."

एवढंच. पण ते 'नको' म्हणजे 'हो' होतं, आणि शुभाला वाटलं, आपण उगाच विचारलं. अजून दहा पावलं आपण तिच्याबरोबर न विचारता चाललो असतो, तर ती दहा पावलं तरी बरी गेली असती. घरी आल्यावर आईने साडी बदलली, देवापाशी दिवा लावला, कुकर चढवला आणि सोड्यांची बरणी काढून थोडे सोडे भिजत घातले. बाबांना सोड्यांचं कालवण फार आवडायचं. खारवेलीहून दर उन्हाळ्यात सोलून सुकवलेल्या कोलंबीचं, एवढ्या जाड सोड्यांचं, फडक्यात बांधलेलं गाठोडं यायचं. कोणाच्या तरी हाती, एस.टी.ने. शुभा ओट्याला टेकून उभी होती. आईने तिच्याकडे पाठ ठेवूनच बोलायला सुरुवात केली, भराभर, जणू कुकरची शिटी व्हायच्या आत संपवायचं होतं. खळं खाडीला लागून होतं. काशीरामशेठचा बर्फाचा कारखाना पलीकडे, त्याच्या ट्रकांना वाट हवी होती. कुंपण घातलं त्याने. अंजनाबाईने दावा लावला. काशीरामशेठ तेव्हा पक्षाचा तालुक्याचा अध्यक्ष. "तुझे बाबा दहा वर्षं त्या कोर्टात झिजले. हुशार माणूस, पण कोण विचारत होतं? आडनावाला वजन नाही, पाठीशी कोणी नाही. त्या तारखेनंतर दोन महिन्यांनी त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं. मग ऐंशीला विधानसभेचं. मग मुंबईतली ही राहती जागा, तुझी शाळा. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, ते माझ्याशी खोटं बोलत नाहीत. म्हणून विचारलं नाही."

"आणि अंजनाबाई?"

"ती कुठे काय म्हणतेय? तिला वाटतं, तिचीच चूक. चहाला गेली म्हणून." आईने सोडे दोन बोटांनी पाण्यात दाबले. "उलट तिलाच लाज वाटते की वकीलसाहेबांची भर कोर्टात मान खाली गेली तिच्यापायी. म्हणून तर दर वर्षी हे पाठवते."

शुभाने पातेल्यात बघितलं. सोडे पाण्यात फुगत होते, गुलाबी होत होते, वळलेल्या बोटांसारखे. किती वर्षं? दहा. दर रविवारी. ती स्वतः दोनदा वाढून घ्यायची, तळाचा रस्सा भाताला पुसून घ्यायची. आत सगळं सुन्न होतं, दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल होतो तसं, आपलाच आणि आपला नसलेला. कुठे तरी खाली आळीत एक बाई कोलंबी सोलतेय, खळं नाही म्हणून दारात, ओसरीवर, जिथे जागा मिळेल तिथे वाळवतेय, निवडून जाड तेवढे बाजूला काढतेय, वकीलसाहेबांसाठी. आणि रोज चहाचा कप तोंडाला लावताना तिला काय वाटत असेल? की तिने चहा सोडला असेल? शुभाला हे माहीत करून घ्यायचं होतं, अगदी आत्ता, आणि ते माहीत होईल ह्याची भीतीही वाटत होती.

बाबा रात्री आठच्या सुमाराला आले. गळ्यातला हार हातात, सदऱ्यावर गुलालाचे डाग, आवाज बसलेला. "अरे, आमचे वक्ते कुठे आहेत?" त्यांनी दारातूनच हाक मारली, आणि शुभाला पहिल्यांदा त्या 'आमचे'ची किळस आली. ते सोफ्यात बसले, पाय सैल सोडले. आई पाणी घेऊन आली आणि गेली नाही, तिथेच दाराशी उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग शुभाकडे. वकील होते ते; माणसं कशी उभी आहेत ह्यावरून त्यांना कळायचं की कोण काय बोलणार आहे.

"बोला," ते म्हणाले.

"चहाला तिला कोणी पाठवलं?" शुभाने विचारलं. हा प्रश्न तिला कोणी पैजेवर दिला नव्हता. तिचा आवाज तिला अनोळखी लागला, बारीक, गावाकडचा.

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याचं टोक हातात घेतलं. मग त्यांना कळलं आपण काय करतोय, आणि त्यांनी तो न पुसताच बाजूला ठेवला. चष्म्याशिवाय ते कोणी तरी वेगळेच दिसत होते, नाकावर दोन लाल खुणा असलेला एक थकलेला माणूस. "मी," ते म्हणाले. "म्हटलं, जा बाई, चहा घेऊन ये. आपला नंबर जेवणानंतर लागेल."

"आणि नंबर?"

"पुढचाच होता."

पंखा फिरत होता. शेजारी कोणी तरी टी.व्ही. लावला. शुभाला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. ओरडतील, हात उगारतील, 'ही काय भाषा' म्हणतील. ती त्या सगळ्याची तयारी करून उभी होती. हे इतकं सरळ, जसं स्टेशन कुठे आहे विचारल्यावर कोणी सांगावं, ह्याची तिने तयारी केली नव्हती.

"तो दावा हरणारच होता, शुभा," बाबा बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज भरत गेला, स्टेजवरचा होत गेला. "खळ्याला एक कागद नव्हता तिच्याकडे. एक चिठोरं नाही. वरच्या कोर्टात आणखी दहा वर्षं गेली असती आणि शेवटी तेच. पण मी निवडून आलो आणि खालच्या आळीला धक्का बांधून दिला. पक्का. नळ आणले. आज साठ होड्या तिथे लागतात. एक खळं गेलं आणि सगळ्या आळीला धक्का आला. तू नववीत आहेस, तुला हिशेब कळतो."

"हरणार होती तर हरू द्यायचं होतं ना! उभं राहून हरली असती. तुम्ही बाजूला असता."

"लढून हरलेल्या वकिलाला कोण तिकीट देतो, बाळ?"

"मग तिला सांगायचं तरी होतंत! निवडून आल्यावर. धक्का बांधल्यावर. कधी तरी. की बाई, तुझं नाही चुकलं."

बाबांनी बाजूचा चष्मा उचलला आणि पुन्हा ठेवला. "सांगणार होतो," शेवटी म्हणाले. "पहिल्या वर्षी गेलोही होतो. तर तीच माझ्या पाया पडली. म्हणाली, सायेब, माफ करा. इतक्या लोकांसमोर... मग कसं सांगणार? आणि नंतर ती गोष्ट मी एकदा सांगितली, वकिलांच्या खोलीत, असंच, दुसऱ्या कोणाची म्हणून. सगळे हसले." ते स्वतःही थोडं हसले, आणि ते हसू शुभाने आयुष्यात बघितलेलं सगळ्यात वाईट हसू होतं. "हसले की जरा हलकं वाटतं."

म्हणून. म्हणून इतक्यांदा. प्रत्येक वेळी सांगताना ते त्या मान खाली घातलेल्या वकिलाला एक पाऊल लांब ढकलत होते, समोरच्या बाजूला, आणि शुभा त्यांना ढकलायला मदत करत होती, अंधेरीच्या हॉलमध्ये, कप मिळवत. तिला बाबांचा राग यायला हवा होता. तो येत होता, पण त्याच्या आत दुसरंच काही तरी होतं, त्यांच्या नाकावरच्या त्या दोन लाल खुणांकडे बघून येणारं, आणि ते तिला नको होतं, कारण ते आलं की माणूस गप्प बसतो. आई तशीच गप्प बसली होती. शुभाने आईकडे बघितलं. आई हातातल्या रिकाम्या भांड्याकडे बघत होती.

"पुढच्या महिन्यात विस्तार आहे," बाबा हळूच म्हणाले. "काशीरामशेठची माणसं आता माझ्यावर टपलीत, विरोधातली तर आहेतच. ह्या वेळी ही गोष्ट बाहेर आली तर... मी तुला काही लपवायला सांगत नाही. फक्त थोडं थांब म्हणतोय."

"किती थांबू? ती बासष्टची आहे, बाबा."

ह्या वेळी शुभाच्या समोर कोणी हसणार नव्हतं आणि टाळ्याही वाजणार नव्हत्या. तिने दोन्ही हात मागे बांधले, मग ते सोडले. तसेच लोंबू दिले.

"येत्या शनिवारी मी खारवेलीला जाणार आहे," ती म्हणाली. "सकाळच्या एस.टी.ने. अंजनाबाईंना सांगायला, की तुमची चूक नव्हती."

"एकटी?" आई म्हणाली. "अगं, वेड लागलं काय? नऊ तासांचा रस्ता!"

"ते बाबांनी ठरवायचं. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. मी नुसती शेजारी बसेन, शप्पथ, तोंड उघडणार नाही. नाही आलात तर मी सांगेन, आणि काहीही गाळणार नाही. मला खोलीत कोंडलंत तर पुढच्या शनिवारी जाईन, नाही तर त्याच्या पुढच्या." बाबा मान वर करून तिच्याकडे बघत होते, उघड्या डोळ्यांनी, जशी ती त्यांना आत्ताच कोणी तरी दाखवली होती. "आई, डबा लागेल मला. एकाचा करायचा की दोघांचा, ते तुम्ही दोघं शुक्रवारपर्यंत सांगा."